आंदालुसियाचे घोडे आणि आमचा बेत



आपल्या स्मरणिकेत प्रवासवर्णने पुष्कळ येतात. काशी, रामेश्वर, चारधाम, आणि हल्ली दुबई व सिंगापूरसुद्धा. ही सारी वर्णने प्रवास करून आल्यावर लिहिलेली असतात. माझा लेख मात्र निघण्यापूर्वीचा आहे. येत्या दिवाळीनंतर मी आणि आमच्या वन्सं अशा दोघीजणी स्पेन देशी जाण्याच्या बेतात आहोत आणि तेथे आम्हांला पाहावयाचे आहेत ते घोडे. ही बातमी फुटल्यापासून हळदीकुंकवाला जाईन तिथे एकच प्रश्न येतो, "घोडे पाहायला इतक्या लांब?" सासूबाई तर म्हणाल्या, "घोडेच पाहायचे तर सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या जत्रेला जा. एस.टी.ने जाऊन याल." या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण गेली दोन वर्षे वाचनालयातून आणि मुलीच्या मदतीने जे वाचले, ते जुळवून येथे मांडते.

स्पेनच्या दक्षिण भागाला आंदालुसिया म्हणतात. तेथून ग्वादालकिवीर नावाची नदी वाहते. हे नाव मूळचे अरबी. 'वादी अल् कबीर', म्हणजे मोठी नदी. तिच्या काठी गवताची सपाट राने आहेत आणि तिथले घोडे फार प्राचीन काळापासून नावाजलेले आहेत. रोमन लोकांच्या राज्यात प्लिनी नावाचा एक ग्रंथकार होऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे की, या द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकाकडील घोड्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहतात, वाऱ्यापासूनच त्यांना गर्भ राहतो, आणि ती शिंगरे अतिशय वेगवान निपजतात. आपल्याकडे वायुपुत्र म्हटला की मारुतिराय आठवतो. त्यांच्याकडे वायूची लेकरे म्हणजे हे घोडे!

इ. स. ७११ मध्ये आफ्रिकेतून मुसलमानी फौजा समुद्र ओलांडून स्पेनमध्ये उतरल्या. ग्रानादा हे त्यांचे शेवटचे राज्य १४९२ साली बुडाले. या जवळजवळ आठशे वर्षांत घोड्यावर बसण्याची एक निराळी रीत तेथे रुजली. उत्तर आफ्रिकेत झनाता नावाची जमात होती. तिचे स्वार रिकीब आखूड बांधून, गुडघे वाकवून बसत. घोडा हलका व चपळ हवा. पुढे झेप घ्यावी, क्षणात वळावे आणि शत्रूच्या हाती न लागता निघून जावे, अशी ही स्वारी होती. स्पेनच्या भाषेत स्वाराला 'हिनेते' म्हणतात, तो शब्द या जमातीच्या नावावरून आला. हे वाचताना मला आपल्या भीमथडीच्या तट्टांची आठवण झाली. आपल्या शिलेदारांची लढाईही अशीच चपळाईची होती.

ग्रानादा पडले त्याच वर्षी कोलंबस अमेरिकेला पोहोचला. दुसऱ्या खेपेस तो १४९३ च्या सप्टेंबरात कादिस बंदरातून निघाला, तेव्हा त्याने बरोबर घोडे नेले. या घोड्यांची एक मजेदार हकीकत आहे. स्वारांनी सेव्हिल शहरात पाहणीच्या वेळी उत्तम घोडे दाखविले, आणि गलबतावर चढविताना ते विकून हलकी जनावरे आणून उभी केली. कोलंबसाने पुढल्या वर्षी राजाराणीला पाठविलेल्या खलित्यात याची तक्रार केली आहे. नमुना एक दाखवायचा आणि पिशवीत दुसरेच भरायचे, हा व्यापार किती जुना आहे पाहा!

पुढे १५१९ साली कोर्तेस मेक्सिकोवर चालून गेला, तेव्हा त्याच्याजवळ अवघे सोळा घोडे होते. त्याचा एक शिपाई, बेर्नाल दियास, याने म्हातारपणी त्या मोहिमेची बखर लिहिली. तीत प्रत्येक घोड्याचा रंग, गुण आणि मालक यांची नोंद आहे. गलबतावरच एक घोडी व्याली, हेही त्याने विसरून न जाता लिहिले आहे. या मोहिमांत तेथील लोकांचे फार हाल झाले, राज्येच्या राज्ये बुडाली. त्या इतिहासात घोडा जेत्यांच्या बाजूने उभा होता, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आता मुख्य गोष्ट. १५६७ साली स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या मनात आले की, आपल्या राज्यात एक सर्वोत्तम जातीचा घोडा निपजवावा. त्यासाठी त्याने कॉर्दोबा शहरात शाही पागा उभारण्याचा हुकूम दिला. नदीकाठच्या निवडक घोड्या व वळू एकत्र आणले. दगडी खांबांची आणि कमानींची ती लांबच लांब पागा १७३४ साली आगीत सापडली, पुन्हा बांधली गेली आणि आजही उभी आहे. हे घोडे इतके गाजले की, युरोपातल्या राजांना त्यांच्यावाचून चैन पडेना. ऑस्ट्रियाच्या राजघराण्याने १५८० साली लिपित्सा या गावी पागा घातली, ती स्पेनचे घोडे आणूनच. व्हिएन्ना शहरात घोडेस्वारीची जगप्रसिद्ध शाळा आहे, तिला अजून 'स्पॅनिश' शाळाच म्हणतात. शाळा ऑस्ट्रियात आणि नाव स्पेनचे, याचे कारण हे.

पण राजाश्रय आज असतो, उद्या नसतो. पुढे लढायांची तऱ्हा बदलली, जड व धिप्पाड घोड्यांची आवड वाढली, आणि जातिवंत घोड्यांत भलतीच भेसळ होऊ लागली. या काळात हेरेस गावाजवळच्या मठातील संन्याशांनी ही जात सांभाळली. पंधराव्या शतकात स्थापन झालेला हा मठ कार्थुसियन पंथाचा. ते लोक मौन पाळतात, एकान्तात राहतात. परंपरा अशी सांगते की, परक्या घोड्यांशी संकर करण्याचा आदेश आला तेव्हा या अबोल संन्याशांनी तो जुमानला नाही. त्यांच्या मठावरून या घोड्यांना 'कार्तुहानो' हे नाव पडले.

१८१० साली नेपोलियनच्या फौजा हेरेसवर आल्या आणि मठ लुटला गेला. फौजांना घोडे हवेच असतात. जातिवंत घोडाही तोफेला जुंपला की तोफेचाच. पुढे १८३५ साली सरकारने मठांच्या मालमत्ता जप्त केल्या आणि संन्याशांना बाहेर पडावे लागले. मठ गेला, तरी घोडे सगळेच्या सगळे गेले नाहीत. आर्कोस गावच्या सापाता नावाच्या घराण्याने या जातीतील घोड्या आपल्याकडे राखल्या आणि त्यांची पैदास चालू ठेवली. घोड्याच्या तोंडात लगामाचे जे लोखंड असते, त्याच्या आकाराचा डाग या घोड्यांच्या अंगावर देत, म्हणून त्यांना 'बोकादो'चे घोडे म्हणतात. पुढे ही पागा हातोहाती फिरली. १९८३ साली स्पेनच्या सरकारने एक मोठा उद्योगसमूह ताब्यात घेतला, त्यात ही पागाही सरकारकडे आली. हेरेसजवळच्या रानात ती आजही आहे आणि ठरलेल्या दिवशी लोकांना पाहावयास मिळते.

१९१२ साली या जातीची वंशावळीची वही सुरू झाली. शिंगरू जन्मले की आई कोण, बाप कोण, याची नोंद व्हावयाची. आपल्याकडे बडव्यांच्या आणि क्षेत्रोपाध्यांच्या चोपड्यांत पिढ्यान् पिढ्यांची नावे सापडतात, तसाच हा प्रकार. मग १९७३ साली हेरेसच्या आल्व्हारो दोमेक रोमेरो या स्वाराने घोड्यांच्या नृत्याचा प्रयोग बसविला आणि त्यातून तेथील अश्वविद्येची शाळा उभी राहिली. १९८७ साली राजाने तिला 'रॉयल' ही पदवी दिली. त्या शाळेत घोडे जागच्या जागी दुडक्या चालीने पावले टाकतात, मागच्या दोन पायांवर तोल धरतात, हवेत उडी घेऊन त्याच क्षणी मागचे पाय झाडतात. आपल्या वरातीतही घोडा नाचतो. ते मी लहानपणापासून पाहिले आहे. हे नृत्य शिकवावयास वर्षानुवर्षे लागतात, एवढे वाचून ते डोळ्यांनी पाहावेसे वाटले.

याच १९८७ साली एक संकटही आले. माद्रिदजवळच्या प्राणिसंग्रहात आफ्रिकेतून झेब्रे आणले होते, त्यांच्याबरोबर घोड्यांचा एक जीवघेणा रोग स्पेनमध्ये शिरला. चिलटांच्या चाव्याने तो पसरतो. १९९० पर्यंत ही साथ चालली. घोडे एका भागातून दुसऱ्या भागात नेण्यास बंदी झाली, लसी टोचल्या गेल्या, आणि मग कोठे साथ हटली. हाच रोग १९६० साली आपल्या देशातही आला होता. त्या दोनतीन वर्षांत पश्चिम आशियापासून हिंदुस्थानापर्यंत तीन लाखांच्या आसपास घोडे, गाढवे व खेचरे त्याने नेली. तेव्हा कितीतरी टांगेवाल्यांच्या चुली विझल्या असतील.

टांगेवाल्यांचा उल्लेख सहज आला नाही. माझे वडील मिरजेला स्टेशनवर टांगा हाकीत. आमची घोडी पांढरी होती, नाव चांदी. पहाटे वडील तिला खरारा करीत आणि आम्ही भावंडे हरभरे भिजत घालीत असू. रिक्षा वाढल्या, टांग्यात बसणारे कमी झाले. १९९३ साली वडिलांनी चांदी विकली आणि त्याच वर्षी माझी शाळा सुटली. कोणाला बोल लावावा असे त्यात काही नाही. घोडीच्या कमाईवर पाचजणांचे घर चालत होते, ती कमाई थांबली. चांदीची आई कोणती होती, हे वडिलांना ठाऊक होते. त्यापलीकडे कोणालाच काही ठाऊक नव्हते. तट्टूची वंशावळ कोण लिहून ठेवणार?

म्हणूनच मला त्या वहीचे इतके अप्रूप वाटते. स्पेनचा घोडा राजाने नावारूपाला आणला, तरी तो टिकला तो मठातल्या अबोल माणसांमुळे, एका घराण्याच्या जिद्दीमुळे आणि नोंद ठेवणाऱ्या कारकुनांमुळे. आपले भीमथडीचे तट्टू मराठ्यांच्या मोहिमांत उत्तरेपर्यंत धावले. त्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झाली ती मात्र अगदी अलीकडे. आमची चांदी त्यांतलीच होती की काय, हे आता सांगता यावयाचे नाही.

आता बेताविषयी थोडे. पापड-लोणच्याच्या कामातून आणि भिशीतून चार वर्षे पैसे साठविले आहेत. आमच्या घरी 'हे' आधी म्हणाले की, त्या पैशांत स्वयंपाकघराची फरशी होईल. ते खरेच होते. मी म्हटले, फरशी पुढच्या वर्षीही होईल, पण माझे गुडघे पुढच्या वर्षी कसे असतील ते सांगता येत नाही! दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पासपोर्टाच्या अर्जासाठी माझे फोटो काढून आणले.

महिना आम्ही विचार करून ठरविला. उन्हाळ्यात कॉर्दोबाला पारा चाळीस अंशांच्या वर जातो. हेरेसची मोठी घोडेजत्रा मे महिन्यात भरते, पण त्या आठवड्यात उतरण्याच्या जागा फार महाग होतात. नोव्हेंबरात सेव्हिलला याच जातीच्या घोड्यांचे मोठे प्रदर्शन भरते. ते १९९१ पासून चालू आहे. दिवाळी आटोपलेली असते, हवा थंड असते. म्हणून नोव्हेंबर. मुंबईहून माद्रिदपर्यंत विमान, तेथून आगगाडी. माद्रिद ते सेव्हिल हा वेगवान गाडीचा मार्ग १९९२ साली सुरू झाला आणि कॉर्दोबा त्याच मार्गावर आहे. तेव्हा आधी कॉर्दोबाची जुनी पागा, मग सेव्हिलचे प्रदर्शन, आणि शेवटी हेरेसची शाळा व बोकादोची पागा, म्हणजे इतिहासाच्याच क्रमाने आमचा प्रवास होईल. व्हिसासाठी तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा लागतो, तोही मुलगी उतरविणार आहे. बैलांच्या झुंजीत तेथे घोडे वापरतात. तो खेळ आम्ही पाहणार नाही. वन्सं शाकाहारी आहेत, म्हणून मेतकूट, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेत आहोत.

एक गोष्ट मला मुद्दाम पाहावयाची आहे. या जातीची बहुतेक शिंगरे जन्मतः काळसर किंवा तपकिरी असतात आणि वयात येता येता पांढरी होत जातात. चांदीला आम्ही आणले तेव्हा ती पांढरीच होती. तिचे लहानपण आम्ही पाहिलेले नाही. तिकडे काळ्या शिंगराशेजारी त्याची पांढरी आई उभी दिसली, तर तिथे जरा वेळ थांबावे असे मनात आहे.

परत आल्यावर पौषातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी मंडळात बसून सर्व हकीकत सांगेन. वन्सं छायाचित्रे दाखवतील. तोवर आपल्यापैकी कोणाच्या माहेरी टांगा, छकडा, घोडी असेल, तर त्या जनावराचे नाव, रंग आणि ते कोठून आणले होते, एवढे एका कागदावर लिहून मजजवळ द्यावे. मंडळाच्या कपाटात एक वही मी त्यासाठी ठेवली आहे. पहिल्या पानावर चांदीचे नाव लिहिले आहे.