‘रन’ हे क्रियापद आणि ठाणे-कल्याणची आगगाडी : एक भाषिक-ऐतिहासिक विचार

इंग्रजीतील सर्वाधिक अर्थच्छटांचे क्रियापद म्हणून दीर्घकाळ ‘सेट’चा उल्लेख होत असे. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या सुधारित आवृत्तीच्या कामात हे स्थान ‘रन’ने घेतले, या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. या विस्ताराचे एक कारण यंत्रयुगात शोधले जाते. पाय असलेल्या प्राण्याच्या हालचालीसाठी असलेला शब्द इंजिन, गिरणी, घड्याळ आणि अलीकडे संगणक यांनाही लागू झाला. मराठी मुलखात हे यंत्रयुग रुळांवरून आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली चौदा डब्यांची गाडी सुमारे ३४ किलोमीटर अंतर कापून ठाण्यास पोहोचली. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. ‘रन’चे मराठीत काय झाले, हे पाहण्यास म्हणूनच हा परिसर उचित ठरतो.

मोल्सवर्थने आरंभलेला आणि थॉमस कँडीने पूर्णत्वास नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये, म्हणजे ठाण्यास गाडी येण्यापूर्वी सहा वर्षे, प्रसिद्ध झाला होता. तथापि गाडीविषयीची नित्याची भाषा कोशातून नव्हे, तर फलाटावरून घडली असे मानावे लागते. इंग्रजीत गाडी ‘रन’ करते. मराठीत ती ‘लागते’, ‘सुटते’, ‘धावते’, ‘पळते’ आणि प्रसंगी ‘चुकते’. यांपैकी ‘सुटणे’ विशेष लक्षणीय आहे. दाव्याचे गुरू सुटते, धरणाचे पाणी सुटते, त्याच अर्थपरंपरेत गाडी सुटते. त्याचे प्रयोजक रूप ‘सोडणे’. इंग्रजी निवेदनात रेल्वे प्रशासन जादा गाड्या ‘रन’ करते, मराठी निवेदनात ‘सोडते’. इंग्रजी क्रियापदाचा भर रुळांवरील अखंड गतीवर आहे, मराठीचा भर बंधन मोकळे होण्याच्या क्षणावर. पहिली दृष्टी गाडी चालविणाऱ्याची, दुसरी फलाटावर वाट पाहणाऱ्याची. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी उभे राहिलेल्यास हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

याउलट, सकर्मक ‘रन’ मराठीने फारसा विभागला नाही. गाडी, दुकान, शाळा, संसार, पतपेढी, हे सर्व ‘चालवले’ जाते. इतकेच काय, खटलाही चालवला जातो, जेथे इंग्रजी वेगळेच क्रियापद योजते. म्हणजे अनेकार्थता ही केवळ इंग्रजीची मिरास नव्हे. वर्गात मात्र ‘रन म्हणजे धावणे’ एवढेच समीकरण विद्यार्थ्याच्या हाती पडते आणि ‘नोज रन्स’ म्हटले की तो अडखळतो, कारण मराठीत नाक वाहते. कपड्याचा रंग ‘रन’ होतो, मराठीत तो जातो. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो. ब्रिटिश आणि मराठी उमेदवार दोघेही उभे राहतात.

काही ठिकाणी अनुवाद सरळ रुजला. क्रिकेटमधील ‘रन’ची ‘धाव’ झाली, ‘रनिंग कॉमेंटरी’चे ‘धावते समालोचन’ झाले. रेल्वे कर्मचाऱ्यांनी मात्र मूळ शब्दच ठेवला. कल्याणसारख्या जंक्शनवर इंजिनचालक आणि गार्ड यांना ‘रनिंग स्टाफ’ म्हणतात, त्यांच्या विश्रांतीची जागा ‘रनिंग रूम’. धावणाऱ्यांनी निजण्याची ही खोली, हा विरोधाभास बोलणाऱ्यांच्या कानाला खटकत नाही.

सर्वात गंभीर प्रश्न ‘धावती’ या विशेषणाचा आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा येथील वळणावर, परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. किमान चौघांचा मृत्यू झाला. अशा घटनांच्या वृत्तांतील ठरीव शब्दयोजना ‘धावत्या लोकलमधून पडून’ अशी असते. ‘रनिंग ट्रेन’चे हे शब्दशः रूप व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु त्यात गाडीची गती नोंदली जाते, डब्यातील दाटी नाही. जणू दुर्घटना गाडी धावण्याने घडली. प्रत्यक्षात डब्यात पाऊल ठेवण्यास जागा नव्हती आणि दार उघडे होते. या घटनेनंतर मुंबईच्या नव्या बिगर-वातानुकूलित लोकलना आपोआप मिटणारे दरवाजे बसविण्याचा निर्णय रेल्वेने जाहीर केला.