पुलमन पोर्टर करार, १९३७

पुलमन पोर्टर करार हा ब्रदरहूड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स ही कामगार संघटना आणि अमेरिकेतील पुलमन कंपनी यांच्यात २५ ऑगस्ट १९३७ रोजी झालेला सामूहिक करार होय. कृष्णवर्णीय कामगारांच्या संघटनेने एखाद्या मोठ्या अमेरिकन कंपनीशी केलेला हा पहिला करार मानला जातो. संघटनेची स्थापना न्यू यॉर्कमधील हार्लेम येथे २५ ऑगस्ट १९२५ रोजी झाली होती. म्हणजे करार बरोबर बाराव्या वर्धापनदिनी झाला. त्याच दिवशी बेसबॉलमध्ये क्लीव्हलँडच्या बॉब फेलर या अठरा वर्षांच्या पिचरने एका सामन्यात सोळा फलंदाजांना स्ट्राइकआऊट केले. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. मात्र त्या काळातील अमेरिकेतील वर्णभेद आणि श्रम यांचे चित्र त्या एकत्र पाहिल्यास अधिक स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

येथे पोर्टर म्हणजे स्थानकावरील हमाल नव्हे. जॉर्ज पुलमन याने १८६७ मध्ये स्थापन केलेली कंपनी स्वतःचे शयनयान डबे रेल्वे कंपन्यांच्या गाड्यांना जोडून चालवीत असे. या डब्यांत प्रवाशांची शय्या घालणे, सामान सांभाळणे, बुटांना पॉलिश करणे आणि रात्री-अपरात्री घंटी वाजताच हजर होणे ही पोर्टरची कामे होती. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या पुरुषांना कंपनीने या कामावर घेतले आणि पुढे हे काम जवळजवळ पूर्णपणे कृष्णवर्णीयांचेच राहिले. अनेक प्रवासी प्रत्येक पोर्टरला मालकाच्या नावावरून ‘जॉर्ज’ अशी हाक मारीत. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखण्याच्या जुन्या प्रथेचाच तो अवशेष होता.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पोर्टरला पूर्ण वेतन मिळण्यासाठी महिन्याला सुमारे ४०० तास काम करावे किंवा ११,००० मैल प्रवास करावा लागे. मूळ वेतन तुटपुंजे असल्याने त्याची भिस्त बक्षिसीवर असे. जेवण आणि बुटांच्या पॉलिशचा खर्चही त्यालाच सोसावा लागे. तरीही कृष्णवर्णीय समाजात या नोकरीला प्रतिष्ठा होती. पोर्टर देशभर हिंडत आणि ‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र दक्षिणेकडील गावांत पोहोचवीत.

बारा वर्षांचा लढा

संघटनेचे नेतृत्व ए. फिलिप रँडॉल्फ यांच्याकडे होते. ते ‘मेसेंजर’ या मासिकाचे संपादक होते. स्वतः कधीच पोर्टर नव्हते. कंपनी त्यांना नोकरीवरून काढू शकत नव्हती, हीच त्यांच्या निवडीमागची मोठी सोय होती. शिकागोत मिल्टन वेबस्टर यांनी संघटना उभी केली. वॉशिंग्टनमध्ये रोझिना टकर यांच्यासारख्या पोर्टरांच्या पत्नींनी गुप्त बैठका भरवल्या आणि वर्गणी गोळा केली. कंपनीने आपली पाळीव संघटना पुढे केली, हेर नेमले, सभासदांना कामावरून काढले आणि काही जागांवर फिलिपिनो कामगार आणले.

१९२८ मध्ये पुकारलेला संप ऐनवेळी मागे घ्यावा लागला आणि त्यानंतर संघटना खचली. महामंदीच्या काळात, १९३३ पर्यंत, सभासदसंख्या साडेसहाशेच्या आसपास आली. परिस्थिती पालटली ती कायद्यामुळे. १९३४ मध्ये रेल्वे श्रम कायद्यात दुरुस्ती होऊन शयनयान कंपन्या स्पष्टपणे त्याच्या कक्षेत आल्या. १९३५ च्या मतदानात संघटनेने कंपनीच्या बाहुल्या संघटनेचा मोठ्या फरकाने पराभव केला. कंपनीने त्यानंतरही बोलणी दोन वर्षे रेंगाळत ठेवली. मार्च १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्त कायदा वैध ठरवल्यावर तिला टाळाटाळ करण्यास फारशी जागा उरली नाही.

करारानुसार कामाचे मासिक तास ४०० वरून २४० पर्यंत खाली आले, जादा कामाचा मोबदला ठरला आणि एकूण वेतनात वर्षाला सुमारे साडेबारा लाख डॉलरची वाढ झाली. २४० तासांची मागणी संघटनेने अगदी आरंभापासून लावून धरली होती.

त्याच दिवशीचा बेसबॉल

२५ ऑगस्ट रोजी फेलरने क्लीव्हलँड इंडियन्सकडून बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध सोळा स्ट्राइकआऊट नोंदवले. फलंदाज तीन स्ट्राइकनंतर बाद होतो, त्याला स्ट्राइकआऊट म्हणतात. आयोवातील शेतकऱ्याच्या या मुलाने आदल्या वर्षी, शाळेत असतानाच, एका सामन्यात असे सतरा बळी घेतले होते. त्याच्या चेंडूचा वेग हा त्या काळी कौतुकाचा विषय होता.

मात्र फेलरही स्वतःच्या श्रमाचा स्वतंत्र मालक नव्हता. ‘रिझर्व्ह’ कलमामुळे खेळाडू कराराची मुदत संपल्यावरही त्याच संघाशी बांधलेला राही. क्लीव्हलँडने नियम डावलून फेलरला करारबद्ध केल्याचे प्रकरण १९३६ मध्ये आयुक्त लँडिस यांच्यापुढे आले आणि निर्णय क्लीव्हलँडच्या बाजूने लागला. खेळाडूंच्या वतीने वाटाघाटी करणारी संघटना तेव्हा नव्हती. या एका बाबतीत पोर्टर त्या दिवशी बेसबॉलच्या तारांकित खेळाडूंच्या पुढे निघून गेले होते, असे म्हणता येईल.

दुसरी गोष्ट अधिक ठळक आहे. प्रमुख लीगच्या मैदानांवर त्या दिवशी एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम नसतानाही ही बंदी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पाळली जात होती. सॅचेल पेज, जॉश गिब्सन आणि कूल पापा बेल यांच्यासारखे खेळाडू निग्रो लीगमध्ये खेळत. १९३७ च्या उन्हाळ्यात हे तिघेही अधिक पैशासाठी डॉमिनिकन प्रजासत्ताकात, हुकूमशहा त्रुहियोच्या नावाच्या शहराच्या संघाकडून खेळायला गेले होते. परतल्यावर निग्रो लीगच्या मालकांचा रोष ओढवल्याने पेजने त्रुहियो ऑल-स्टार्स या फिरत्या संघासह दौरे केले.

नंतरच्या घडामोडी

रँडॉल्फ यांनी १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांतील वर्णभेदाला मनाई करणारा आदेश काढला. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचेही ते एक प्रमुख होते. माँटगोमेरीतील १९५५ च्या बस बहिष्काराचे एक संघटक ई. डी. निक्सन हे पुलमन पोर्टर आणि ब्रदरहूडचे स्थानिक नेते होते.

फेलरने १९४६ मध्ये पेजच्या संघासोबत देशभर प्रदर्शनीय सामने खेळले. १९४७ मध्ये लॅरी डोबी आणि १९४८ मध्ये पेज क्लीव्हलँडमध्ये त्याचे संघसहकारी झाले. त्याच वर्षी त्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. १९५६ मध्ये फेलर खेळाडू संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. तिचा संघमालकांशी पहिला सामूहिक करार १९६८ मध्ये झाला आणि ‘रिझर्व्ह’ कलमाची पकड १९७५ च्या लवाद निर्णयाने सुटली.