नैसर्गिक मासळी की संवर्धित? : एक ऐतिहासिक विचार

मासळी नैसर्गिक जलाशयातून पकडलेली घ्यावी की संवर्धित, असा प्रश्न विचारताना हे दोन पर्याय परस्परांपासून स्वतंत्र आहेत, असे गृहीत धरले जाते. भारतातील मत्स्यसंवर्धनाचा इतिहास या गृहीताला पुष्टी देत नाही.

रोहू, कटला व मृगळ हे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. त्यामुळे पूर्वी पावसाळ्यात नद्यांतून गोळा केलेले मत्स्यबीज तळ्यांत सोडले जाई. त्यात नको असलेल्या जातींचीही भेसळ असे. १९५७ मध्ये ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. बीजासाठी नदीवर विसंबण्याची गरज त्यामुळे क्रमाने कमी झाली.

कोळंबी संवर्धनाचे चित्र मात्र निराळे आहे. तिच्या खाद्यात समुद्रातील लहान मासळीची भुकटी वापरली जाते. शिवाय शेतजमीन व पिण्याचे पाणी खारट होत असल्याच्या तक्रारी न्यायालयात पोहोचल्या. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी किनारपट्टी नियमन क्षेत्रातील पारंपरिकेतर कोळंबी तलाव हटविण्याचा आदेश दिला. २००५ च्या कायद्याने या व्यवसायाला नियमनाच्या चौकटीत मान्यता दिली.

२०२२ मध्ये जगातील संवर्धित जलचर प्राण्यांचे उत्पादन प्रथमच पकडलेल्यांहून अधिक झाले. अशा वेळी मासळी कोठली, एवढेच विचारून भागणार नाही. तिचे बीज, खाद्य व पाणी कोठून आले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहिल्यावाचून विवेकी निवड संभवत नाही.