संगणक बुद्धिबळ : आरंभीच्या डावांतील स्थितींचे विश्लेषण
जुन्या संगणकीय डावातील खेळी चूक ठरवण्यापूर्वी यंत्राला पुढचे किती दिसत होते, हे तपासावे लागते. टोरांटोच्या १९७७ च्या जागतिक स्पर्धेत ‘डचेस’ या प्रोग्रॅमने वजिराचा शह देताच सोव्हिएत प्रोग्रॅम ‘काइसा’ने ३४ व्या खेळीला हत्ती फुकट दिला. माजी जगज्जेते बोट्विनिक यांच्यासह उपस्थितांना तो बिघाडच वाटला. प्रत्यक्षात राजा जी७ वर सरकला असता, तर एफ८ वर वजिराचे बलिदान, पाठोपाठ उंटाचा शह आणि काही खेळ्यांत मात अटळ होती. माणसाने राजाच हलवून प्रतिस्पर्ध्याच्या नजरचुकीवर भिस्त ठेवली असती, हा आक्षेप रास्त आहे. पण समोरचा सर्वोत्तमच खेळेल, या गृहीतकावरच काइसाचा शोध चाले. म्हणून आजच्या इंजिनाचा निवाडा खेळीचे मोल सांगतो, तिचे कारण नव्हे.