हिस्लॉपसाहेबांची जलपाहणी व बोरीचा ओढा

नागपूरच्या दक्षिणेस वर्ध्याच्या वाटेवर बुटीबोरी हें गांव आहे. आज तें औद्योगिक वसाहतीमुळें सर्वांस ठाऊक असलें, तरी एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी लेखनांत तें नुसतें ‘बोरी’ या नांवानें येतें. ता. 4 सप्टेंबर 1863 रोजीं टाकळघाट येथील शिलावर्तुळें पाहून बोरीकडे परतत असतां रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे ओढ्याच्या पुरांत सांपडून बुडाले. शिलावर्तुळांच्या संबंधानें त्यांचें नांव आमच्या वाचकांस परिचित आहेच. येथें त्यांच्या दुसऱ्या एका कार्याचा विचार करावयाचा आहे. नागपूरच्या भूमीवर प्राचीन काळीं जें पाणी होतें तें समुद्राचें कीं तळ्याचें, याची त्यांनीं केलेली पाहणी हें तें कार्य होय.

हिस्लॉप यांचा जन्म 1817 सालीं स्कॉटलंडांत झाला व 1845 सालीं ते मिशनच्या कामासाठीं नागपुरास आले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनीं आसपासचा प्रदेश पायांखालीं घातला. सीताबर्डीच्या टेकडींत काळ्या पाषाणाचे दोन थर असून त्यांच्या मध्यें गाळाचा एक पातळ थर आहे. असेच थर टाकळी व इतर स्थळींही आढळले व त्यांतून शंख, शिंपले, फळें आणि बिया यांचे अश्मीभूत अवशेष निघाले. लाव्हारसाचा एक लोट थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्यंतरीं जलाशय निर्माण झाले व त्यांत जीव नांदले, असा याचा अर्थ होतो. उभयतांचा या विषयावरील निबंध लंडनच्या भूशास्त्रसंस्थेच्या त्रैमासिकांत 1855 सालीं प्रसिद्ध झाला.

आतां हें पाणी कोणतें, हें ठरवावयाचें कशावरून? ताम्रपटावर शक नसेल तर अक्षरवटिकेवरून काळ ठरवितात; तद्वत् येथें कवचांच्या जातींवरून पाणी ठरवावें लागतें. नागपूरकडील थरांत फायसा, लिम्निया, पॅलुडिना व युनिओ या वंशांचे शंखशिंपले मिळाले. हे गोड्या पाण्याचे रहिवासी होत. फायसाच्या प्रमुख जातीच्या नांवांत प्रिन्सेप हें आडनांव आहे. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांच्यामुळें तें आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. उलट, गोदावरीच्या मुखाकडील राजमहेंद्रीच्या परिसरांत याच काळ्या पाषाणाशीं संबद्ध अशा थरांत टरिटेला व कालवें सांपडलीं. हीं खाऱ्या पाण्याचीं. हिस्लॉपसाहेबांनीं 1860 सालच्या निबंधांत दोन्हीं स्थळांचीं कवचें शेजारीं मांडून वर्णिलीं. समुद्र किंवा खाडी राजमहेंद्रीकडे, व तळीं नागपूरकडे, असा निवाडा त्यावरून निघतो.

या निवाड्यास पुढें दोन बाजूंनीं धक्का बसला. हिस्लॉप यांनीं हे थर तृतीयक युगांतील मानिले होते. आतां दख्खनच्या पाषाणाचा मुख्य उद्रेक सुमारें 6 कोटि 60 लक्ष वर्षांपूर्वीं, खटीयुगाच्या अखेरीच्या सुमारास झाला असें ठरलें आहे. दुसरें असें कीं, नागपूरच्या उत्तरेस छिंदवाडा जिल्ह्यांत मोहगांव-कलान येथें निपा या खाऱ्या दलदलींत वाढणाऱ्या ताडाचीं अश्मीभूत फळें मिळालीं. त्याच जिल्ह्यांतील झिलमिली येथील थरांत फोरॅमिनिफेरा नांवाच्या, समुद्रांत तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचीं कवचें सांपडल्याचें गेर्टा केलर व त्यांचे सहकारी यांनीं 2009 सालीं प्रसिद्ध केलें. नर्मदा किंवा तापी यांच्या खोऱ्यांतून समुद्राचा एक फांटा मध्य हिंदुस्थानांत शिरला असावा, असें त्यांचें अनुमान आहे.

मग हिस्लॉप चुकले काय? आमच्या मतें, काळाच्या बाबतींत होय. पाण्याच्या बाबतींत नाहीं. झिलमिलीचा पुरावा झिलमिलीपुरता आहे; त्यानें सीताबर्डी व टाकळीचे शंख खारे होत नाहींत. तेथेंही खाऱ्या पाण्याचा काळ अल्प असून खालींवर भूमीवरील व गोड्या पाण्याचे गाळ आहेत. अशी स्थलशः तुलना करितां येते याचें कारण, कोणतें कवच कोठल्या थरांतील, याची नोंद हिस्लॉप यांनीं ठेविली. ती नोंद नसती तर नागपूर व राजमहेंद्री यांचे शंख एकाच पेटींत मिसळून वाद कायमचा अनिर्णित राहिला असता.

बोरीच्या ओढ्यांत मनुष्य गेला, परंतु नोंद राहिली. आदिवासींविषयींचे त्यांचे हस्तलिखित कागद मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीं 1866 सालीं नागपुरास छापून प्रसिद्ध केले. लिंगोच्या गोंडी गीताचा पाठ त्यांतच आहे. ज्या टाकळघाटाहून ते परतत होते तेथें डॉ. शां. भा. देव यांनीं नागपूर विद्यापीठातर्फे 1968-69 च्या हंगामांत उत्खनन करून लोहयुगीन वसाहत उजेडांत आणिली.

संग्राहकांस आमची एवढीच विनंती आहे. बुटीबोरीच्या बाजूस आज पायासाठीं व रस्त्यासाठीं जमीन खणली जात असते. तेथें शंखाचा एखादा दगड हातीं आल्यास तो उचलण्यापूर्वीं गांव, खोली व थर हीं लिहून ठेवावीं. ठिकाणावेगळा दगड हा मायना फाटलेल्या पत्रासारखा आहे. जपतां येतो, पण साक्षीस उभा करितां येत नाहीं.