एक पौंड जोंधळा

दिवाळीच्या चार दिवसांत घरात तराजू काढू नये, असा आमच्या आईचा दंडक आहे. चकलीचे पीठ काय किंवा लाडवाचा रवा काय, सारे मापाने आणि अंदाजाने. तरी गेल्या दिवाळीच्या आधी, ऐन फराळाच्या धांदलीत, मी तराजू घेऊन स्वयंपाकघरात शिरलो आणि जोंधळ्याचे पीठ तोलू लागलो. आई म्हणाली, "अरे, शाळेला सुट्टी लागली म्हणून आता वाण्याचा धंदा मांडतोस की काय?"

कारण असे होते. मी इतिहासाचा पंडित नव्हे. शाळेत मुले शिकवावीत आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा संसार. त्या वेळी १८७७ सालच्या दुष्काळावर एक कादंबरी लिहायला घेतली होती. तिच्यातला एक माणूस दिवसभर खडी फोडून संध्याकाळी मजुरी घेऊन घरी येतो. त्या मजुरीत त्याच्या पोटात काय पडले असेल, हे मला डोळ्यांनी पाहायचे होते. आणि तिथेच माझी लेखणी अडली होती.

तो दुष्काळ १८७६ ते १८७८ या काळात पडला. पुणे, नगर, सातारा, सोलापूर आणि तिथून खाली थेट मद्रास इलाख्यापर्यंत पाऊस रुसला. सरकारने कामे काढली. रस्ते, तलाव, दौंड-मनमाडचा लोहमार्ग. लोक गावे सोडून कामांवर गेले. व्हाइसरॉय होता लॉर्ड लिटन. त्याने १८७७च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल या बड्या अधिकाऱ्याला दुष्काळाच्या पाहणीवर धाडले. हा टेंपल काही निर्दय म्हणून ठाऊक नव्हता. उलट १८७४ साली बिहार-बंगालच्या दुष्काळात त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोकांना वाचवले होते. माणसे मेली नाहीत. पण पैसा फार उधळला म्हणून त्याच्यावर चहूकडून टीका झाली. तो धडा त्याच्या मनात पक्का बसला होता. या खेपेस त्याने काटकसर करून दाखवायचे ठरवले.

त्याने ठरवलेली रोजी अशी: कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा. बायकांना त्याहून कमी, मुलांना आणखी कमी. त्या अर्ध्या आण्यात मीठ, मिरची, डाळ, सरपण, सारे भागवायचे.

एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. मी तेवढे पीठ तोलून आईपुढे ठेवले आणि म्हणालो, "याच्या भाकऱ्या कर." आईने मुकाट्याने परात ओढली. पाच भाकऱ्या झाल्या. ताटात त्या बऱ्याच दिसत होत्या, हे कबूल केले पाहिजे. कचेरीत बसून कागदावर आकडा लिहिणाऱ्याला त्या अशाच बऱ्याच दिसल्या असतील.

आता आजच्या शास्त्राने हिशेब करू. ४५४ ग्रॅम जोंधळ्यातून सुमारे १,५०० ते १,६०० कॅलरी मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या कोष्टकाप्रमाणे जड कष्ट करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे ३,४७० कॅलरी लागतात आणि नुसते बैठे काम करणाऱ्यालाही २,११० लागतात. १८७७ सालचा मजूर अंगापिंडाने लहान होता, असे धरून काही सूट दिली तरी तोंडमिळवणी होत नाही. माझ्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्या मास्तरालाही न पुरणारे अन्न देऊन त्याच्याकडून खडी फोडून घ्यायची होती.

त्या वादात कॅलरी हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. पण तो शब्द ठाऊक नसला म्हणून भूक कळत नाही असे थोडेच आहे! मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी लेखी विरोध केला. एवढ्या धान्यावर कष्टाचे काम करणारा माणूस टिकणार नाही, हे त्यांचे म्हणणे. तुरुंगातल्या सक्तमजुरीच्या कैद्यालाही याहून अधिक शिधा मिळत होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे आपले सार्वजनिक काका यांच्या त्या सभेने, गावोगावची माहिती गोळा करून सरकारदरबारी गाऱ्हाणे मांडले. आणि ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांनी आपले उत्तर पायांनी दिले. आमच्या मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे टाकून चालते झाले. उपाशीच मरायचे तर घाम तरी का गाळावा, हा त्यांचा साधा हिशेब होता. त्यात गणिताची चूक मला तरी सापडत नाही.

पुढे १८७७मध्येच मद्रास सरकारने रोजी वाढवली. त्याच सुमारास टेंपलसाहेब मुंबईचा गव्हर्नर होऊन आला होता. इकडे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले सत्यशोधक मंडळींच्या मदतीने दुष्काळात पोरकी झालेली मुले जेवू घालत होते. त्यांनी पौंडाचे कोष्टक मांडले नाही. मूल उपाशी आहे एवढे पाहिले. दुष्काळ सरला तोवर सरकारी अंदाजानेही ५० लाखांहून अधिक माणसे गेली होती. पुढे १८८०च्या दुष्काळ आयोगाने नियम बांधायला घेतले, ते एवढी माणसे गेल्यावर.

भाकऱ्या तव्यावरून उतरल्या तशी मी ही हकीकत आईला सांगत होतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पाच भाकऱ्या? दुपारपर्यंत पुरतील."

हे तिने पुस्तकात वाचलेले नव्हते. १९७२ सालच्या दुष्काळात ती पंधरा वर्षांची होती आणि माझ्या आजीबरोबर पाझर तलावाच्या कामावर जात होती. पाटी उचलून उचलून डोक्याचे केस गेले होते म्हणते. पण त्या कामावर सुकडी मिळे. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी घशाखाली उतरत नसे, तीही लोकांनी खाल्ली. १९७३च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे महाराष्ट्रात अशा कामांवर होती. हाल झाले, गुरे गेली, कर्जे झाली. पण १८७७सारखी माणसे मेली नाहीत. त्याच मातीत, तसल्याच अवर्षणात. पुढे रोजगार हमीचा कायदा याच अनुभवातून झाला.

बुध या सातारा जिल्ह्यातल्या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे जगाला एक गोष्ट सांगत राहिले: पोट पुरते भरले नाही, तर खाल्लेली डाळही शरीर सरपण म्हणून जाळून टाकते. त्यातून हाडामांसाची भर होत नाही. म्हणजे आधी पोटभर, आणि त्या पोटभरीत डाळ, भाजी, तेल. आमच्या आयांना हे ठाऊकच होते. भाकरीबरोबर पिठले आणि पालेभाजी उगीच नसते.

आमच्या शाळेत दुपारी खिचडी शिजते. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, असा सरकारी नियम आहे. १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. नियम चांगला आहे. पण सोमवारी काही मुले रांगेत सर्वांच्या पुढे उभी असतात, ती का, हे कोष्टकात लिहिलेले नसते. रविवारी शाळा नसते, एवढेच त्याचे कारण. पूर्वी मी त्यांना दटावत असे. "घाई कशाची रे? पळून जात नाही खिचडी!" त्या पाच भाकऱ्या पाहिल्यापासून दटावत नाही. वाढणाऱ्या मावशींना हळूच सांगतो, यांना आणखी एक डाव घाला.

कादंबरीतला माझा मजूर त्या रात्री घरी आला. त्याने तीन भाकऱ्या मुलांना दिल्या, एक बायकोला, एक स्वतः खाल्ली. सकाळी तो कामावर गेला नाही. ते प्रकरण मी एका बैठकीत लिहून काढले.

वाचकहो, फराळाचे ताट पुढे आले की हिशेब करू नका. सणाला हिशेब शोभत नाही. मात्र एक ताट शेजारी, जिथे चूल पेटली नसेल तिथे, जाऊ द्या. आणि ते वाढताना आमच्या आईचा दंडक पाळा: तराजू काढू नका.