कंडक्टरचा जिना आणि ड्रायव्हरची पँट

‘व्यायाम केला की हृदय चांगलं राहतं’ हे आज आपण गृहीत धरतो. पण हे पहिल्यांदा दाखवलं कसं? संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी ही गोष्ट नीट वाचावी, कारण ती निष्कर्षापेक्षा शंकांची जास्त आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्यांची संख्या वाढत होती. जेरी मॉरिस या डॉक्टरला वाटलं, याचा कामाच्या स्वरूपाशी संबंध असावा. त्याने लंडनच्या डबलडेकर बस निवडल्या. बस एकच, वर्गही साधारण एकच. पण ड्रायव्हर शिफ्टचा बहुतेक वेळ बसून, तर कंडक्टर दिवसाला 500 ते 750 पायऱ्या चढणारा. 35 ते 64 वयाच्या सुमारे 31,000 पुरुषांची माहिती तपासली. 1953 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी, आणि झालाच तर कमी तीव्र.

आपण इथेच पेपर लिहून मोकळे झालो असतो, नाही का?

पण शंका होतीच. ड्रायव्हरला ट्रॅफिकचा मानसिक ताण असतो. हृदय त्यानेच बिघडत असेल तर? म्हणून मॉरिसच्या गटाने टपाल खात्याकडेही पाहिलं. तिथे स्टिअरिंग नाही. तरीही चालत-सायकलवर फिरणाऱ्या पोस्टमनपेक्षा बसून काम करणारे कारकून आणि टेलिफोन ऑपरेटर यांच्यात हृदयविकार जास्त दिसला. म्हणजे फक्त ट्रॅफिकच्या ताणावर सगळं ढकलता येत नव्हतं.

दुसरी शंका जास्त अवघड. मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? हे तपासायला त्यांनी चक्क गणवेशाची मापं काढली! 1956 च्या पेपरमध्ये दिसलं की ड्रायव्हरच्या पँटची कंबर तरुण वयातही कंडक्टरपेक्षा मोठी होती. म्हणजे काही फरक बसमध्ये चढण्याआधीचाच होता. हा निकाल स्वतःच्याच दाव्याला अडचणीत आणणारा होता, तरी त्यांनी तो छापला.

मग प्रश्नाची मांडणीच बदलली. सगळेच टेबलावर काम करणारे सरकारी कर्मचारी घेतले आणि त्यांच्या फावल्या वेळातली हालचाल नोंदवून घेतली. 40 ते 64 वयाचे जवळपास 17,000 पुरुष. 1973 चा निकाल: फावल्या वेळात जोरदार व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण एक तृतीयांश.

यातही मुळात निरोगी असणारेच व्यायाम करत असतील, ही शंका उरतेच. निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासाची ती मर्यादा आहे. पण वेगवेगळ्या गटांत पुन्हा पुन्हा तेच दिसलं की दावा घट्ट होत जातो. एका प्रश्नामागे वीस वर्षं गेली, हे सिनॉप्सिस लिहिताना लक्षात ठेवा.

मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करायचा आणि 99 वर्षं जगला. अर्थात एका माणसाचा सॅम्पल हा पुरावा नव्हे! पण पुढचा पेपर वाचायच्या आधी खुर्चीतून उठून दोन जिने चढून यायला काय हरकत आहे?